तेराने भागले, बारा उरले

वाघजाईच्या देवळासमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळ्या गर्दीची पाठ देवीकडे होती. तोंडं होती ती शाळेच्या फळ्याकडे. हा फळा दोन पोरांनी डोक्यावरून आणून पिंपळाला टेकवून ठेवला होता. फळ्याच्या शेजारी चौरंगावर अंकनाथ महाराज बसले होते. महाराजांच्या कफनीवर एकापासून नवापर्यंत आकडे रंगवलेले होते. मे महिन्याचं ऊन होतं, त्यामुळे नऊ विरघळून काखेत उतरला होता. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"ये बाळ, पुढं ये," महाराज म्हणाले.

बाळ म्हणजे आमचे गेनबा. साठी उलटलेली, तोंडात दोन दात. ते धोतर सावरत पुढे गेले.

"मनात येईल तो अंक सांग. तीन आकडी सांग. शंभराच्या खाली अंकात जीव नसतो, हजाराच्या वर देव राहतात. मधला अंक माणसाचा."

गेनबांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि म्हणाले, "तीनशे सत्तेचाळीस."

महाराजांचा एक चेला होता, काटकुळा, कानावर खडू ठेवणारा. त्याने फळ्यावर ३४७ लिहिलं आणि त्याला लागूनच पुन्हा ३४७ लिहिलं. झाले तीन लाख सत्तेचाळीस हजार तीनशे सत्तेचाळीस.

"एकदा देवासाठी, एकदा स्वतःसाठी," महाराजांनी समजावलं. "आता या लाखाच्या अंकाला आपण तेराने भागू. श्रीराम जय राम जय जय राम, मोजा अक्षरं, तेरा. अंक पापी असेल तर रामनामालाच अडेल."

चेल्याने खडखड भागाकार केला. काही उरलं नाही.

"आता अकरा रुद्र."

अकराने भागलं. काही उरलं नाही.

"आता सप्तर्षी."

सातानेही भागलं, आणि खाली उत्तर आलं तीनशे सत्तेचाळीस. गेनबांचा अंक राम, रुद्र आणि ऋषी अशा तिघांच्या हातून जाऊन होता तसा परत आला.

"अखंड," महाराज म्हणाले. "बाळ, तू अखंड पुरुष आहेस."

गर्दीतून जयजयकार उठला. गेनबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तलाठ्याच्या कचेरीत लिहिण्याचं काम करणारे आमचे अर्जुनराव, सातवी पास, पुढे झाले. त्यांनी फळ्यावर बोट फिरवत सगळा भागाकार तपासला. मग गर्दीकडे वळून म्हणाले, "भागाकार बरोबर आहे."

झालं. सातवी पास माणसाने भागाकार बरोबर म्हटल्यावर महाराज बरोबर, असं गावाने धरलं.

हे नवे पैसे निघाले त्या वर्षीचं, म्हणजे सत्तावन्न सालचं. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले होते. वाण्यापासून म्हातारीपर्यंत जो तो बोटं मोडत बसलेला असायचा. आकड्यांनी लोक आधीच घाबरले होते. अशा वेळी आकड्यांचाच महाराज आला, आणि गावाला वाटलं, आपल्यासाठीच आला.

दोन दिवसांत गावातले झाडून सगळे बापये अखंड निघाले. दारू पिणारा निघाला, बायकोला मारणारा निघाला, बांध कोरणारे दोघे भाऊ तर एकाच दुपारी निघाले. अखंड पुरुष बाजेवर पडून राहू लागले. आमच्या शेजारचा एक जण बायकोला म्हणाला, "अखंड माणसानं पाणी शेंदू नये." ती म्हणाली, "मग तहान लागू देऊ नये."

बायकांचं तसं झालं नाही. बाईने अंक सांगितला की चेला तो एकदा सरळ लिहायचा आणि पुढे उलटा. मी सहाशे तेरा सांगितलं. त्याने ६१३ लिहून पुढे ३१६ लिहिलं. तेराने भागलं, दोन उरले.

"खंडित," महाराज म्हणाले. "रामनामालाच अडलं, माई. खंड भरावा लागेल. एक नवं लुगडं आणून दे."

"लुगडं एकच हाय, आन् ते अंगावर हाय," मी म्हणाले.

महाराजांनी मला बाजूला व्हायची खूण केली. बाकीच्या बायका मात्र भरत राहिल्या. कोणाचे चार उरले, तिने तूप आणलं. कोणाचे नऊ उरले, तिने लुगडं आणलं. चेल्यामागचं गाठोडं वाढत गेलं.

एकच बाई अखंड निघाली, ती पुतळाबाई. पुतळाबाई विधवा होती. विटांची पाटी डोक्यावर आणि मिश्री तोंडात. मुकादमही तिच्याशी जपून बोलायचा. तिने सांगितलं, "दोनशे बावन्न." तेरा, अकरा, सात, सगळ्यांनी भाग गेला आणि खाली दोनशे बावन्न उरला. चेला खडू हातात धरून फळ्याकडे बघतच राहिला. महाराजांनी क्षणभर दाढी कुरवाळली.

"हिच्या देहात पुरुषाचा आत्मा आहे," ते म्हणाले.

"म्हंजे दाढीबी येनार का?" पुतळाबाईने विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. महाराजांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढची होती इंद्रायणी. सुभद्राबाईंची सून, पुनावळ्याकडून आलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. आमच्या गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग होता, दुपारी शाळेच्या पडवीत भरायचा. मी तेव्हा चाळिशीला आले होते आणि बेरजेत अडकले होते. इंद्रायणी मागून येऊन भागाकारापर्यंत गेली होती. तिने अंक सांगायच्या आधी महाराजांना विचारलं, "बापयांचा सुलटा आन् आमचा उलटा, असं का वो लिवता?"

चार दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"पुरुष म्हणजे सूर्य, मुली," महाराज म्हणाले. "आज उगवतो तसाच उद्या उगवतो. स्त्री म्हणजे पाण्यातली सावली. सावली उलटी पडते."

"पर पान्यात तर बापयाचीबी सावली उलटीच पडती."

यावर बायका हसल्या, दोनचार बापयेही हसले. महाराज हसले नाहीत. "अंक सांग," ते म्हणाले.

तिने सातशे बेचाळीस सांगितला. चेल्याने ७४२२४७ लिहून तेराने भागलं. बारा उरले.

महाराज चौरंगावरून उठून उभे राहिले. सात उरले असते तर त्यांनी साडेसातीचं काहीतरी काढलं असतं, तीन उरले असते तर तीन तिघाड्याचं. पण उरले होते बारा, आणि समोर सुभद्राबाई बसल्या होत्या.

"माई, घरात पुरुष किती?"

"एकच लेक, म्हाराज. मुरारी. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलाय."

"जातो कसा?"

"सायकलीवर. मुंबईच्या रस्त्यानं."

"आणि माई, माणूस गेल्यावर बाराव्या दिवशी काय करतात?"

सुभद्राबाईंचा हात आपोआप कपाळाकडे गेला. त्यांच्या नवऱ्याचं बारावं होऊन फार वर्षं झाली नव्हती.

"याला खंड भरून चालत नाही," महाराज म्हणाले. "हा अंक ज्या घरात, तिथं बाराव्याचं जेवण. हिला माहेरी पोचव आणि परत आणू नको."

मुरारी तिथेच उभा होता. नुकताच अखंड झालेला. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो सायकलच्या चाव्यांशी चाळा करत म्हणाला, "आई म्हनंल तसं."

सुभद्राबाई वाईट बाई नव्हत्या, हे सांगायला हवं. सुनेला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, वर्गाला येऊ दिलं. पण मुंबईच्या रस्त्यावरून मालट्रक कसे जातात ते त्या रोज ऐकत होत्या, आणि मुरारी घरी येईपर्यंत उंबरा सोडत नव्हत्या. महाराजांनी ती भीती बरोबर हेरली. त्याच दिवशी पुनावळ्याला निरोप गेला, इंद्रायणीच्या भावाने रविवारी गाडी घेऊन यावं. माहेरी पाठवणं म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. परत न आणलेल्या मुलीला माहेरी कोणी जन्मभर चुलीजवळ बसू देत नाही. भावजय काही दिवस गोड बोलते.

कुसुमताई आल्या त्या दुसऱ्या दिवशी. आमच्या वर्गाच्या शिक्षिका, तळेगाव दाभाड्याच्या. बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "माझा फळा कुठाय?"

आम्ही सगळं सांगितलं. इंद्रायणी कोपऱ्यात बसली होती, डोळे सुजलेले. कुसुमताईंनी तिला उगी उगी केलं नाही. म्हणाल्या, "तो माणूस लबाड आहे हे मलाही कळतंय. पण लबाड म्हणून भागत नाही. कशी लबाडी करतो ते दाखवता आलं पाहिजे. तुझा अंक काय होता?"

त्यांनी एकेकीला अंक विचारला, काय उरलं ते विचारलं आणि पाटीवर मांडत गेल्या. दोन, चार, नऊ, बारा. पाटी भरली. कुसुमताईंनी डोकं धरलं. "काही सूत्र दिसत नाही बाई."

"माजंबी लिवा," पुतळाबाई म्हणाली. ती वर्गातली नव्हती, शाळेच्या नव्या खोलीसाठी विटा वाहायला आली होती, पण दुपारची सावलीला पडवीत बसायची. "मी पुरुष हाय म्हनं. माजा नवरा जित्ता असता तर हे ऐकून पळूनच गेला असता."

कुसुमताईंनी २५२ लिहिलं आणि पुढे उलटं लिहिलं. पुन्हा २५२.

इंद्रायणीने मान वर केली. "बाई, हिचा उलटा केला तरी त्योच ऱ्हातो."

कुसुमताईंनी पाटीकडे पाहिलं, मग इंद्रायणीकडे पाहिलं आणि पाटी तिच्या हातात दिली. "तुझा सुलटा लिही."

इंद्रायणीने पदराने डोळे पुसले. ७४२७४२ लिहिलं. तेराने भागायला सुरुवात केली. तेराचा पाढा ती पुटपुटत होती, आम्ही सगळ्या तिच्या हाताकडे बघत होतो. खाली शून्य आलं. अकराने भागलं, शून्य. साताने भागलं आणि खाली आलं सातशे बेचाळीस.

"म्हंजे मीबी अखंड," ती म्हणाली.

"नुसती तू नाही. सगळ्या अखंड," कुसुमताई म्हणाल्या. "चला, एकेक सुलटा लिहा."

आम्ही लिहिले. भागाकार इंद्रायणीने आणि त्यांनी केले. माझा सहाशे तेराही परत आला, लुगडं न देता.

"पर बाई," मी विचारलं, "सुलटा लिवला की समद्यांचा भाग जातोच कसा? कायबी सांगितलं तरी?"

कुसुमताईंनी हे आधीच पाटीच्या कोपऱ्यात मांडलं होतं. तेरा गुणिले अकरा, एकशे त्रेचाळीस. एकशे त्रेचाळीस साती, एक हजार एक.

"हजार आणि वर एक," त्या म्हणाल्या. "आता बघा. इंद्रायणीचा अंक दोनदा लिहिला, तर पहिले सातशे बेचाळीस कुठे जाऊन बसले? हजाराच्या घरात. म्हणजे सातशे बेचाळीस हजार वेळा घेतले. आणि मागचे सातशे बेचाळीस?"

"एकदा."

"म्हणजे हजार वेळा आणि वर एकदा. त्याने तुमच्या अंकाला आधी एक हजार एकाने गुणलं, तुम्हाला न सांगता. मग तेरा, अकरा आणि सात असं तीनदा करून त्याच एक हजार एकाने भागलं. जे घातलं तेच काढलं. राम, रुद्र, ऋषी यांचा काही संबंध नाही. बिचारे फुकट राबले."

"आन् उलटा लिवला की?"

"की हजार वेळा सातशे बेचाळीस, पण वर एक वेळ दोनशे सत्तेचाळीस. वरचा एक भलताच. मग कसा भाग जाईल?"

मला कळलं. पुतळाबाईने मात्र मिश्रीचं बोट तोंडातून काढलं आणि म्हणाली, "लिवलेलं मला कळत न्हाई. हे हजार आन् एक मला हाताला लागंल असं दाव."

कुसुमताई विचारात पडल्या. तेवढ्यात पुतळाबाईच हसली. आमच्याकडे वीटभट्टीवाला हजार विटांमागे एक वीट वर देतो, मोडतोडीची म्हणून. शाळेच्या नव्या खोलीसाठी मोशीच्या भट्टीवरून हजार विटा आलेल्या होत्या. वर एक.

"किती लांब, किती रुंद?" पुतळाबाईने विचारलं.

"तेरा विटा लांब, अकरा रुंद, सात थर."

आम्ही पदर खोचले. कुसुमताईंनी घाबरत घाबरत विटा उचलल्या, बाकीच्यांना सवय होती. तेराची ओळ, अशा अकरा ओळी, हा एक थर. थरावर थर चढत गेले. ऊन उतरायला लागलं तेव्हा सातव्या थराची शेवटची ओळ चालू होती. पुतळाबाईने शेवटची वीट शेवटच्या जागेवर ठेवली. अंगणात एकही वीट उरली नाही आणि थप्पीत कुठे भोक राहिलं नाही.

पुतळाबाईने थप्पीवर थाप मारली. "आता कळलं," ती म्हणाली. "असल्या कितीबी थप्प्या आना. तेरानं, अकरानं, सातानं वाटल्या की वीट उरायची न्हाई."

कुसुमताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "हेच मी पाटीवर सांगत होते," त्या म्हणाल्या.

"तुमी लय लांबून सांगत व्हता."

रविवारी पुनावळ्याहून ज्योतीराम आला, इंद्रायणीचा भाऊ. त्याने बैल सोडून पिंपळामागे बांधले. सुभद्राबाईंनी सुनेचं गाठोडं स्वतःच्या हाताने गाडीत ठेवलं. महाराजांची बैठक चालू होती. गाडी निघायच्या आधी त्यांचा अंगारा लावून घ्यायचा, असं सुभद्राबाईंचं म्हणणं. म्हणून सगळीच मंडळी पटांगणात होती.

कुसुमताई सरळ फळ्याजवळ गेल्या.

"फळ्याला शिवू नका," चेला म्हणाला. "सिद्ध केलेला आहे."

"फळा शाळेचा आहे. खडूही शाळेचा आहे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या कानावरचा खडू काढून घेतला. "महाराज, मी नवी आहे. मला एवढंच सांगा, देवीचा अंक काय?"

महाराज सावध झाले. "देवीला अंक विचारत नाहीत, ताई."

"का नाही? शंभर ते हजारात तिचा जपाचा अंक नाही का?"

गेनबा भोळेपणाने बोलून गेले, "एकशे आठ की. वाघजाईचा जप एकशे आठच असतोय."

"हो, एकशे आठ," मागून चारपाच जण म्हणाले. त्यात हरकत घेण्यासारखं कोणाला काही दिसलं नाही. एकशे आठ म्हणजे एकशे आठ.

कुसुमताईंनी खडू पुढे केला. इंद्रायणी गर्दीतून आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि फळ्यावर १०८ लिहिलं. मग थांबून तिने महाराजांना विचारलं, "वाघजाई बाईमानूसच की वो?"

महाराजांचा हात दाढीकडे गेला. तिने पुढे ८०१ लिहिलं. एक लाख आठ हजार आठशे एक. आणि तेराने भागायला लागली. हळूहळू, एकेक आकडा खाली उतरवत. खाली चार उरले.

अर्जुनराव सवयीने पुढे आले. बोट फिरवत वरून खाली गेले, पुन्हा खालून वर आले. घाम पुसला.

"भागाकार बरोबर आहे," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"खंडित," पुतळाबाई मोठ्याने म्हणाली. "आता देवीला कुठल्या माहेराला धाडायची, म्हाराज? गाडी जुंपायला सांगू?"

पटांगणात एकदम कालवा झाला. कोणी म्हणालं हे पाप आहे, कोणी विचारलं पाप कोणाचं. गुरवाने देवळाचं दार लावून घेतलं, देवीच्या कानावर जायला नको म्हणून. महाराज हात वर करून ओरडत होते, "देवी अंकांच्या पलीकडे आहे, तिला हा नियम नाही."

"नियम कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, हे अंक ठरवतो की तुम्ही?" कुसुमताईंनी विचारलं. "बघा, देवीचा मी आता बाप्यासारखा लिहिते."

त्यांनी १०८१०८ लिहिलं आणि खडू अर्जुनरावांच्या हातात दिला. बिचाऱ्यांना सगळ्यांसमोर भागाकार करावा लागला. तेरा, अकरा, सात. खाली एकशे आठ आले.

"आता इंद्रायणीचा तसाच करा."

तोही केला. सातशे बेचाळीस आले.

"आणि आता गेनबांचा बाईसारखा करा."

"माजा कशाला?" गेनबा म्हणाले. पण अर्जुनरावांना आता चेव आला होता. ३४७७४३ लिहून तेराने भागलं. सहा उरले. गेनबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पाच दिवस ते गावात अखंड म्हणून फिरत होते.

मग कुसुमताईंनी गर्दीला एक हजार एकाची गोष्ट सांगितली. पाटीवरची सांगितली. अर्ध्या लोकांना कळली, अर्ध्यांना नाही. ज्यांना कळली नाही त्यांना पुतळाबाई म्हणाली, "शाळंत चला. थप्पी हाय. मोजा."

सगळं गाव शाळेकडे गेलं. बापये थप्पीभोवती फिरत विटा मोजायला लागले. एक म्हणाला, लांबीला बाराच आहेत, दुसऱ्याने त्याला पुन्हा मोजायला लावलं. कोणी थरावर बोट ठेवून सातापर्यंत गेलं. अर्जुनरावांनी गुणाकार केला. अर्धा तास असा गेला. परत पटांगणात येऊन पाहतात तो चौरंग रिकामा. महाराज, चेला आणि गाठोडं तिन्ही गेले होते. गाठोडं जड होतं, त्यामुळे दोघं फार लांब गेले नसणार, पण पाठीमागे धावायची कोणाला इच्छा झाली नाही. धावणाऱ्याला आधी हे मान्य करावं लागलं असतं, की आपण तूप दिलं होतं.

सुभद्राबाई मात्र शाळेतच राहिल्या. मीही थांबले, मुरारी लांब भिंतीशी उभा होता. सुभद्राबाईंनी सगळे मोजून झाल्यावर थप्पी स्वतः मोजली, वीट वीट हात लावून. मग कुसुमताईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे माझ्या मुरारीला काय व्हनार न्हाई?"

मला वाटलं, कुसुमताई म्हणतील, काही होणार नाही, काळजी करू नका. तसं म्हणणं सोपं होतं. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, सुभद्राबाई. रस्ता आहे, ट्रक आहेत. त्याला दिवा असलेली सायकल घेऊन द्या, कडेने जायला सांगा. एवढंच माझ्या हातात आहे. पण त्या बाराचा तुमच्या मुरारीशी काही संबंध नाही. ते बारा त्या माणसाने आकडा उलटा लिहून तयार केले होते."

सुभद्राबाईंनी पुन्हा एकदा थप्पीकडे पाहिलं.

"भ्या तर जात न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या.

"जाणार नाही. पण सून का जावी?"

सुभद्राबाई गाडीकडे चालत गेल्या. मुरारी गाठोडं उतरवायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "तू ऱ्हाऊ दे. आई म्हनंल तसं म्हनतोस. बायकुसाठी एक शबुद न्हाई निघाला तोंडातनं." गाठोडं त्यांनीच उतरवलं, काखेत घेतलं आणि ज्योतीरामला म्हणाल्या, "आलाच हाईस तर जेवून जा. बैलांना वैरन टाकलीया."

इंद्रायणी त्यांच्यामागून गेली. त्यांच्यात पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आमच्या शेजारीच राहायच्या, भांडायच्याही. पण बाराची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही.

आता मी सत्तर ओलांडली. आमच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, चाकणपर्यंत शेडच शेड. माझे नातू शिकलेले आहेत. परवा धाकट्याने मोटारसायकल घेतली तर नंबराच्या आकड्यांची बेरीज करून बघत होता, शुभ येते का. मी त्याला हीच गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजी, ती अडाणी माणसं होती." मी म्हणाले, अर्जुनराव सातवी पास होते, आणि त्यांचा भागाकार एकदाही चुकला नव्हता.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. तुम्हाला फसवणारा माणूस उत्तरात चूक करत नाही, उत्तर तर तो चारचौघांत तपासून घेतो. तो चूक करतो गणित मांडताना, आणि तेव्हा तुम्ही हात जोडून बसलेले असता. जो कोणी तुमच्या आयुष्याचं गणित फळ्यावर मांडायला घेईल, त्याला तिथेच थांबवा. हे असंच का लिहिलं, ते विचारा. दुसऱ्याचं दुसऱ्या पद्धतीने का लिहिलं, ते विचारा. खरं सांगणारा रागावणार नाही, तो पुन्हा पहिल्यापासून मांडून दाखवेल. आणि जो रागावून तुमच्या घरातल्या कोणाला तरी घराबाहेर काढायला सांगेल, त्याला आधी गावाबाहेर काढा.